एकच गिअर करून घ्यायचा आहे? आधी कागद नीट करा

गिअरचे दाते उडाले की बहुतेक जण तुटलेला तुकडा पिशवीत घालतात, लेथवाल्याकडे जातात आणि म्हणतात, "असाच एक करून द्या." लेथवालाही बिचारा तुटक्या तुकड्यावरून अंदाज बांधतो. आठ दिवसांनी गिअर येतो, बसतो, आवाज करायला लागतो आणि दोन महिन्यांत पुन्हा पिशवीत जातो.

सोलापुरात अशा छोट्या यंत्रांची कमतरता नाही. टॉवेल-चादरीच्या शेडमधली कांडी भरायची मशीन, शेंगा चटणीचं कांडप, कडक भाकरीसाठी पीठ मळायचं यंत्र, पापडाचा रोल. मोटर पाव ते एक एचपीची, शाफ्ट दोन किंवा तीन. यांचे गिअर नेहमीच दुकानात तयार मिळत नाहीत, मग करून घ्यावे लागतात. करून घेतलेला गिअर परत येतो तेव्हा दाते चुकीचे कापलेले क्वचितच असतात. बोअर (मधलं भोक) सैल असतो, की-वे (गिअर शाफ्टवर धरून ठेवणारी चावी बसायची खाच) खोल गेलेला असतो, शाफ्टांमधलं अंतर जुळत नाही, किंवा जुना गिअर मॉड्यूलचा की डीपीचा (दात्यांच्या आकाराची मिलिमीटरची आणि इंची मापं) हे कुणी विचारलेलंच नसतं. या गोष्टी ऑर्डर देणाऱ्याने ठरवायच्या असतात. त्या कशा ठरवायच्या, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

करून घ्यायलाच हवा का?

नवं यंत्र बांधत असाल तर आधी तयार गिअरबॉक्सची किंवा गिअर मोटरची किंमत विचारा. एक-दोन यंत्रांपुरतं काम असेल तर तेच बहुधा स्वस्त पडतं. वर्म गिअरबॉक्स घेताना एवढं ध्यानात ठेवा: एकास तीस, एकास चाळीस अशा जास्त रिडक्शनला (वेग कमी करण्याच्या पटीला) त्यात बरीच ताकद उष्णतेत जाते, म्हणून मोटर काठावरची घेऊ नका. दोन शाफ्ट एकमेकांपासून लांब असतील आणि वेग कमी असेल, तर चेन आणि स्प्रॉकेट बघा. चेनला शाफ्टांचं अंतर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, गिअरला अजिबात चालत नाही.

गिअर करून घेणं परवडतं ते तीन वेळा: जुन्या यंत्राची फ्रेम आणि शाफ्टांमधलं अंतर बदलता येत नाही तेव्हा, तयार गिअरबॉक्सला जागाच नाही तेव्हा, किंवा एकाच नमुन्याची पाच-दहा यंत्रं करायची असतात तेव्हा.

जुना गिअर मोजताना

एक बरा व्हर्नियर, खडू आणि वही पुरते. टेपने गिअर मोजू नका.

पहिलं काम दाते मोजण्याचं. एका दात्यावर खडूची खूण करा, एक फेरी मोजा, मग उलट दिशेने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच लिहा. काही दाते तुटले असतील तर तुटल्या जागी बुंधे दिसतात, तेही धरायचे.

दुसरं, बाहेरचा व्यास, म्हणजे ओडी. दात्यांची संख्या सम असेल तर समोरासमोरच्या दोन टोकांवर व्हर्नियर बसतो. विषम असेल तर एका बाजूला दाता आणि समोर फट येते, आणि तसंच मोजलं तर आकडा कमी भरतो. तेव्हा बोअरच्या काठापासून दात्याच्या टोकापर्यंत मोजा, त्यात बोअरची त्रिज्या मिळवा आणि दुप्पट करा. दाते झिजलेले असतील तर समोरच्या गिअरला न लागलेली कडा शोधा. गिअर थोडे सरकून चालत असतात, त्यामुळे एका बाजूला दोन-तीन मिलिमीटरची कोरी पट्टी बहुधा सापडते.

आता ओडीला दाते अधिक दोन यांनी भागा. येतं ते मॉड्यूल. उदाहरणार्थ ३८ दाते आणि ओडी ९९.८ मिमी: ९९.८ भागिले ४० म्हणजे २.४९५. मॉड्यूल अडीच.

पण ओडी १०१.५ आला तर? भागाकार येतो २.५४ आणि माणूस म्हणतो, "अडीचच असेल, थोडं मोठं कापलंय." इथेच फसगत होते. २.५४ म्हणजे १० डीपी. डीपी हे इंची माप आहे आणि २५.४ ला डीपीने भागलं की त्याचं मॉड्यूल मिळतं. जुन्या विलायती बनावटीचे माग आणि त्यांच्या नकला इंची मापाच्या, त्यामुळे सोलापुरात हे प्रकरण वरचेवर समोर येतं. १० डीपीच्या चाकाशी अडीच मॉड्यूलचं पिनियन (जोडीतला लहान गिअर) बसवलं तर हाताने फिरवताना ते जुळल्यासारखं वाटतं. मोटर चालू केली की कुरकुर सुरू होते आणि दात्यांची टोकं खायला लागतात.

दुसरी फसगत प्रेशर अँगलची, म्हणजे दात्याच्या बाजूच्या कलाची. आजचे गिअर बहुतेक २० अंशांचे असतात, जुने साडेचौदा अंशांचेही सापडतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, व्हर्नियरला दिसतो. व्हर्नियरचे जबडे चार दाते कवेत घेतील असे लावा आणि माप लिहा. मग पाच दाते घ्या आणि माप लिहा. दोन मापांतला फरक पुढच्या आकड्यांशी ताडून बघा.

अडीच मॉड्यूल, २० अंश: ७.३८ मिमी
अडीच मॉड्यूल, साडेचौदा अंश: ७.६० मिमी
१० डीपी, २० अंश: ७.५० मिमी
१० डीपी, साडेचौदा अंश: ७.७३ मिमी

जबडे दात्यांच्या बाजूंना मध्यावर टेकले पाहिजेत, टोकांवर किंवा बुडाशी नाही. तीन वेगळ्या जागी मोजा आणि झीज कमी असलेली जागा धरा. चारही आकड्यांत निदान ०.१ मिमीचा फरक आहे, त्यामुळे साधा व्हर्नियरही उत्तर देतो, फक्त हात घाईचा नको.

जोडीचा दुसरा गिअर यंत्रावरच असेल तर त्याचेही दाते मोजा आणि शाफ्टांमधलं अंतर घ्या. अंतराची दुप्पट भागिले दोन्ही गिअरांचे दाते मिळून, हेही मॉड्यूलच. दोन वाटांनी एकच आकडा आला की निर्धास्त व्हा.

शाफ्टचं माप मात्र गिअरच्या बोअरवरून घेऊ नका, शाफ्टवरूनच घ्या. "सहा सुताचा शाफ्ट आहे" असं कुणी सांगितलं तर ते पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी. त्यावर २० चा बोअर केला तर जवळजवळ एक मिलिमीटर खेळ राहतो, आणि चावी कितीही ठोकून बसवली तरी गिअर मध्य सोडून फिरतो. शाफ्ट जुना असेल तर चावीच्या जागी आणि तिच्या दोन्ही बाजूंना, असा तीन ठिकाणी मोजा.

नवा गिअर ठरवताना: चटणीच्या कांडपाचं उदाहरण

शेंगा चटणी दळली की पीठ होतं आणि कांडली की तेल सुटतं, म्हणून उखळ-मुसळाचं यंत्र लागतं. समजा मोटर अर्धा एचपी, म्हणजे ०.३७ किलोवॅट, सिंगल फेज, १४४० फेऱ्यांची. मुसळ मिनिटाला साठच्या आसपास वेळा पडायला हवं. म्हणजे एकूण रिडक्शन साधारण चोवीसपट.

हे सगळं एका गिअर जोडीत करायला जाऊ नका. मोटरवर ३ इंची पुली, पुढच्या शाफ्टवर १२ इंची पुली आणि व्ही-बेल्ट. १४४० चे ३६० झाले. उरलेली सहापट गिअरने. बेल्ट आधी ठेवण्याचं कारण फक्त वेग नाही. उखळात काही अडकलं तर बेल्ट घसरतो आणि दाते वाचतात. शिवाय ३६० फेऱ्यांचा उघडा गिअर सहन होतो, १४४० चा कान खातो.

आता दाते. २० अंशांच्या पिनियनला १७ पेक्षा कमी दाते घेतले की दात्याचा बुंधा कापला जाऊन बारीक होतो, म्हणून १८ किंवा १९ पासून सुरुवात करा. १८ आणि १०८ घेतले तर नेमके सहापट होतात, पण मग पिनियनचा एक दाता आयुष्यभर चाकाच्या त्याच सहा दात्यांना भेटतो. एका दात्यावर ओरखडा असेल तर तो त्याच सहांना खात राहतो. १९ आणि १०८ घ्या. गुणोत्तर ५.६८, फेऱ्या ६३, मुसळाला काही फरक पडत नाही, आणि झीज सगळ्या दात्यांवर वाटली जाते. १०९ मात्र नको. तो अविभाज्य आकडा, साध्या डिव्हायडिंग हेडवर (मिलिंगवर गिअर मोजून थोडा थोडा फिरवायचं साधन) निघत नाही. (मागावर हा शहाणपणा चालवू नका. क्रँक शाफ्ट आणि टॅपेट शाफ्ट यांचं नातं नेमकं एकास दोन असतं. तिथे एक दाता इकडेतिकडे झाला तर माग चालणारच नाही.)

मॉड्यूल किती? आधी पिळाचा जोर काढा: ९५५० गुणिले किलोवॅट भागिले फेरे. पिनियनच्या शाफ्टवर ९५५० × ०.३७ ÷ ३६०, म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर. दोन मॉड्यूल धरलं तर पिनियनचा पीसीडी (दोन गिअर जिथे भिडतात त्या वर्तुळाचा व्यास) १९ × २ = ३८ मिमी. दात्यावरचा जोर म्हणजे पीळ भागिले त्रिज्या: ९.८ ÷ ०.०१९, सुमारे ५१५ न्यूटन. मुसळाचे धक्के आहेत, म्हणून दुप्पट धरा, १०३०. दात्याच्या बुंध्यावरचा ताण काढायला या जोराला रुंदी, मॉड्यूल आणि आकारांक यांच्या गुणाकाराने भागायचं. १९ दात्यांना आकारांक (दात्याच्या आकारावरून ठरणारा तक्त्यातला आकडा) ०.३१४. रुंदी मॉड्यूलच्या दहापट, म्हणजे २० मिमी. उत्तर येतं ८२ न्यूटन प्रति चौरस मिमी. इएन ८ पोलाद हे आरामात सोसतं.

म्हणजे दोन मॉड्यूल पुरे? दात्यांच्या हिशेबाने पुरे. पण पिनियनला भोकही पाडायचं आहे. दोन मॉड्यूलच्या १९ दाती पिनियनचा दात्यांच्या बुडाचा व्यास ३३ मिमी. शाफ्ट २० चा. त्याला ६ × ६ ची चावी लागते आणि तिचा की-वे गिअरमध्ये २.८ मिमी खोल जातो. त्रिज्या १६.५ मधून १० आणि २.८ वजा करा, की-वेच्या वर ३.७ मिमी धातू उरतो. तिथे निदान एका दात्याच्या उंचीइतका, म्हणजे मॉड्यूलच्या सव्वादोनपट धातू हवा, इथे साडेचार. तो नाही, म्हणून पिनियन की-वेच्या कोपऱ्यातून फुटतं. दाते शाबूत आणि पिनियन दोन तुकड्यांत, असं दिसलं तर कारण हेच समजा.

अडीच मॉड्यूल घेतलं की बुडाचा व्यास ४१.२५ होतो, की-वेवर ७.८ मिमी उरतात आणि ताण चाळिशीवर येतो. काम झालं. पिनियनचा पीसीडी ४७.५, ओडी ५२.५, चाकाचा पीसीडी २७०, ओडी २७५, शाफ्टांमधलं अंतर १५८.७५ मिमी. दात्यांची रुंदी चाकाला २५ आणि पिनियनला २८, म्हणजे बसवताना थोडं पुढे-मागे झालं तरी चाकाची पूर्ण रुंदी कामात राहते.

मॉड्यूल १, १.२५, १.५, २, २.५, ३, ४, ५ यांतूनच निवडा. पावणेदोन किंवा पावणेतीन कागदावर छान दिसतात, पण कटर शोधत फिरावं लागतं.

कशाचा करायचा

पिनियन इएन ८ चं, चाक एफजी २६० बिडाचं किंवा इएन ८ चं, ही जोडी अशा बहुतेक यंत्रांना चालते. पिनियन चाकाच्या साडेपाचपट फिरतं, म्हणून ते नेहमी जास्त कठीण ठेवायचं. इएन ८ चे दाते इंडक्शन हार्डनिंगने पन्नास-पंचावन्न रॉकवेल सीपर्यंत (कठीणपणाचं माप) जातात. कांडपासाठी तेवढं पुरतं. २० एमएनसीआर ५ सारखं पोलाद आणि केस हार्डनिंग म्हटलं की बोअर थोडा आखडतो, मग ग्राइंडिंग आलं, खर्च वाढला. एका यंत्रासाठी त्या वाटेला जाऊ नये.

एकच चाक करायचं तर २८० मिमी व्यासाचं, २५ जाडीचं प्लेटचं ब्लँक (दाते कापण्याआधीची चकती) साधारण १२ किलो भरतं, हब (बोअरभोवतीचा जाड भाग) वेगळा. ते गॅसने कापून मिळत असेल तर व्यासात सगळीकडून निदान ५ मिमी जादा ठेवायला सांगा. गॅसने कापलेली इएन ८ ची कडा कडक होते आणि तिच्यावर टूल जळतं. पाच-सहा चाकं हवी असतील तर लाकडी पॅटर्न करून बिडात ओतून घ्या. मधल्या भागात आरे किंवा पातळ जाळी ठेवता येते आणि वजन बरंच उतरतं.

नायलॉनचा मोह सगळ्यांना होतो: आवाज नाही, ऑइल नाही. हलक्या कामाला, कांडी मशीनसारख्या ठिकाणी तो खरंच चांगला. पण दोन गोष्टी सांभाळा. नायलॉन पोलादाच्या सात-आठपट प्रसरण पावतो. १०० मिमीचा गिअर हिवाळ्यातल्या सकाळपासून सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारपर्यंत व्यासात सुमारे ०.२ मिमी वाढतो, आणि दमटपणाने वाढतो ते वेगळंच. जानेवारीत घट्ट जुळवलेली जोडी उन्हाळ्यात आवळते. दुसरं, नायलॉनमध्ये थेट की-वे कापला तर त्याच्या भिंती पसरतात. आत धातूचा बुश घालून त्यातच की-वे कापून घ्या.

कागदावर काय लिहायचं

चित्र सुबक नसलं तरी चालेल, आकडे हवेत. आपल्या पिनियनसाठी कागद असा:

स्पर गिअर, मॉड्यूल २.५, दाते १९, प्रेशर अँगल २० अंश, करेक्शन नाही
ओडी ५२.५, दात्यांची रुंदी २८, हबसह लांबी ४५, हबचा व्यास ३८
बोअर २० एच ७ (म्हणजे २०.००० ते २०.०२१)
की-वे रुंदी ६, बोअरच्या समोरच्या काठापासून की-वेच्या तळापर्यंत २२.८
तीन दात्यांवरचं माप १९.०६, अधिक ०, उणे ०.०४
धातू इएन ८, दाते इंडक्शन हार्डन
नग २

यातली तीन दात्यांवरच्या मापाची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत आणि नंतर "दाते जाड कापले" म्हणून भांडतात. हिशेबाने ते माप १९.११६ येतं. त्यातून पाच-सहा शतांश कमी लिहिले, कारण दात्यांमध्ये थोडा खेळ हवा. चाकालाही तसंच: तेरा दात्यांवर हिशेबाने ९६.०४, कागदावर ९५.९८. ही ओळ असली की कारागीर गिअर मशीनवरून उतरवण्याआधीच व्हर्नियर लावून बघू शकतो.

चाकाचा शाफ्ट ३० चा असेल तर चावी ८ × ७, की-वेची रुंदी ८ आणि तळापर्यंतचं माप ३३.३. हबची लांबी शाफ्टच्या दीडपट ठेवा. फक्त ग्रब स्क्रूवर गिअर सोडू नका. धक्क्याच्या यंत्रात स्क्रू शाफ्टवर चर पाडतो, आणि मग तो गिअर सरळपणे निघतही नाही.

पिनियनचे नग २ का? मशीन लावायला जो वेळ जातो तो एकाला जातो तेवढाच दोघांना, आणि आधी तेच झिजणार आहे.

काम कुणाकडे

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत, तसंच मागांचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपांत लेथ, मिलिंग, स्लॉटिंग मिळतं. विचारायचं ते दाते कशावर कापणार हे. हॉबिंग मशीनवर एकच हॉब (स्क्रूसारखा कटर) त्या मॉड्यूलच्या सगळ्या दाते-संख्यांना चालतो आणि दात्याचा आकार आपोआप बरोबर येतो. मिलिंगवर आकाराचा कटर लागतो आणि दाते-संख्येनुसार आठ कटरांचा संच असतो: १७ ते २० दात्यांना एक कटर, ५५ ते १३४ ला दुसरा. १९ दाती पिनियन भलत्याच कटरने कापलं तर दाते दिसतील, चालणार नाहीत. म्हणून तो कटर किती दात्यांसाठी आहे ते त्याच्यावर कोरलेलं डोळ्यांनी वाचा.

मिलिंगवर डिव्हायडिंग हेडचा हिशेब चाळीसला दाते-संख्येने भागून निघतो. १०८ ला २७ भोकांच्या वर्तुळात १० घरं, १९ ला दोन पूर्ण फेरे आणि १९ च्या वर्तुळात दोन घरं. मोजताना पिन ज्या भोकात आहे ते धरायचं नसतं. ते धरलं की प्रत्येक दात्यामागे चूक साठत जाते आणि शेवटचा दाता पातळ किंवा जाड निघतो. जाणता कारागीर आधी ब्लँकवर नुसत्या रेघा ओढून एक फेरी पूर्ण करून बघतो. तुमच्याकडे १०८ दात्यांचं महाग ब्लँक असेल तर त्याला तसं करायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

हॉबिंग जवळ जमत नसेल तर पुण्याकडे भोसरीला, आणि बिडाचं ओतकाम व पुढचं मशीनिंग एकत्र हवं असेल तर कोल्हापूरला शिरोली-उद्यमनगरकडे चौकशी करा. बाहेरगावी काम देताना गिअर एकीकडे, की-वे दुसरीकडे, हार्डनिंग तिसरीकडे असं करू नका. पैसे थोडे वाचतात, पण बोअर वाकडा निघाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकाच्याच गळ्यात सगळं घाला.

कामाचा क्रमही विचारून घ्या. बोअर आणि एक फेस एकाच सेटिंगमध्ये फिनिश व्हायला हवेत, नाहीतर गिअर डुलतो. मग मँड्रेलवर (बोअरमध्ये घालायच्या दांड्यावर) दाते, त्यानंतर की-वे, मग कडा मोडणं, शेवटी हार्डनिंग. हार्डनिंगनंतर बोअर पुन्हा मोजायचा.

घेताना आणि बसवताना

पैसे देण्याआधी तिथेच चार गोष्टी करा: दाते मोजा, तीन दात्यांवरचं माप चार ठिकाणी घ्या, शाफ्टचा तुकडा सोबत नेऊन बोअरमध्ये घाला, आणि चावी घालून बघा. २० एच ७ च्या बोअरमध्ये २० चा चांगला शाफ्ट हाताने, किंचित जोर लावून जावा. सळकन गेला तर बोअर मोठा आहे.

यंत्रावर शाफ्टांचं अंतर शाफ्टांवरूनच मोजा. २० आणि ३० च्या शाफ्टांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १८३.७५ आणि आतल्या कडांमधलं १३३.७५ यायला हवं. शाफ्टांच्या दोन्ही टोकांना मोजा, ०.०५ पेक्षा जास्त फरक असला तर शाफ्ट समांतर नाहीत, आणि दाते एकाच कडेवर ओझं घेतील. बेअरिंगच्या पायाखाली पत्रे घालून हे सुधारता येतं. अंतर ०.१ मिमीने वाढवलं की दात्यांमधला खेळ सुमारे ०.०७ ने वाढतो, एवढं ध्यानात असलं की किती पत्रा घालायचा ते कळतं. अंतर कमी असण्यापेक्षा थोडं जास्त असलेलं बरं.

खेळ तपासायला झेरॉक्सच्या कागदाची पट्टी घ्या, ती साधारण ०.१ मिमी जाड असते. मोटरची पिन काढून ठेवा. पट्टी दोन गिअरांच्या मध्ये धरून हाताने फिरवा. पट्टी घड्या पडून, न फाटता बाहेर आली तर खेळ ठीक. फाटली तर घट्ट. घड्याच पडल्या नाहीत तर सैल. चाकाच्या चार जागी हे करा. एकीकडे फाटते आणि समोर घड्याही पडत नाहीत, म्हणजे चाकाचा बोअर मध्यात नाही. अशा चाकाला पत्रे घालून काही होत नाही, ते परत द्या.

पिनियन बेअरिंगला चिकटून बसवा. एका बाजूला मोठी पुली आणि दुसऱ्या बाजूला लोंबतं पिनियन असं ठेवलं तर बेल्टच्या ओढीने शाफ्ट वाकतो.

ग्रीस उघड्या गिअरला चालतं, पण जागा बघून. टॉवेलच्या शेडमध्ये तूस उडतं, ते ग्रीसमध्ये बसून लगदा होतो आणि दात्यांच्या बुडाशी दगडासारखा आवळतो. तिथे झाकण बंदिस्त हवं आणि ब्रशने साफसफाई दर आठवड्याला. चटणीच्या यंत्रात गिअर उखळाच्या वर कधीच नको. बाजूला, पत्र्याच्या पेटीत, आणि वंगण खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठी मिळतं तेच. पेटीला असं झाकण ठेवा की ते काढायला पाना लागेल. हाताने निघणारं झाकण चार दिवसांत कोपऱ्यात पडतं आणि पदराचं किंवा ओढणीचं टोक दात्यांत जातं.

पहिला अर्धा तास रिकामं चालवा, मग निम्म्या भरावर दिवसभर. संध्याकाळी ग्रीस पुसून काढा. त्यात चमचमणारी बारीक धूळ दिसेल, ती पहिल्या दिवशी ठीक आहे. नवं ग्रीस लावा. आठवड्यानेही तेवढीच धूळ दिसली तर दात्यांवर निळी शाई लावून फिरवा. शाई मधोमध, निम्म्याहून जास्त रुंदीवर पुसली गेली तर जुळणी बरोबर आणि पिनियनचा धातू मऊ. एका कडेवरच पुसली गेली तर शाफ्ट वाकडे. दात्यांच्या टोकांवरच पुसली गेली तर पुन्हा व्हर्नियर काढा आणि ७.३८ की ७.५० ते बघा.